परदेशात जाऊन एअरलाइन पायलट व्हायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि जे कोणी विचारतच नाही ते पण)

पायलट ट्रेनिंगसाठी सगळ्यात भारी देश कोणता?

हा प्रश्न रोज येतो आणि रोज मी तेच सांगतो की प्रश्नच उलटा धरलाय. आधी हे ठरवा की नोकरी कुठल्या देशात करायचीय, म्हणजे खरं तर कुठल्या देशात नोकरी करायचा कायदेशीर हक्क तुमच्याकडे आहे किंवा मिळू शकतो, मग तिथली एअरलाइन कुठलं लायसन्स मागते ते बघा, आणि मग तिथून मागे मागे येत शाळेपर्यंत पोचा. बहुतेक जण शाळेच्या इन्स्टाग्रामवरचा सूर्यास्त आणि त्यात उभं असलेलं छोटं सेसना विमान बघून सुरुवात करतात, आणि दोन वर्षांनी हातात लायसन्स असतं पण ते जिथे चालतं तिथे राहायची परवानगी नसते आणि जिथे राहायची परवानगी आहे तिथे ते चालत नाही.

पण एजंट म्हणाला की हे लायसन्स जगभर चालतं?

नाही चालत. १९४४ साली शिकागोला देशांनी एक करार केला, त्यातून आयकाओ ही संस्था आली, आज १९३ देश तिचे सभासद आहेत. आयकाओ किमान नियम ठरवते, लायसन्स मात्र प्रत्येक देश स्वतःचं देतो. अमेरिकेत एफएए, युरोपियन युनियन आणि बरोबरच्या काही देशांत ईएएसए, ब्रिटनमध्ये यूके सीएए, कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडा, ऑस्ट्रेलियात कासा. विमान ज्या देशात रजिस्टर आहे त्या देशाचं लायसन्स, किंवा त्या देशाने मान्यता दिलेलं लायसन्स लागतं, असा साधा हिशोब. तर एजंट जे म्हणतोय ते एवढ्यापुरतंच खरं की या लायसन्सच्या जोरावर दुसऱ्या देशात अर्ज करता येतो. अर्ज केल्यावर काय होतं ते खाली वाचा.

कन्व्हर्जन म्हणजे नक्की काय करावं लागतं?

कन्व्हर्जन म्हणजे एका देशाचं लायसन्स दुसऱ्या देशाच्या लायसन्समध्ये बदलून घेणं, आणि ते देशागणिक वेगळं. एफएएचं कमर्शियल लायसन्स घेऊन ईएएसएकडे गेलात तर थिअरीचे १३ पेपर परत द्यायचे, त्यांचं क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी) परत करायचं, थोडं फ्लाइंग आणि मग स्किल टेस्ट, म्हणजे उडवून दाखवायची परीक्षा. म्हणजे स्वस्त म्हणून तिकडून केलं आणि मग अर्धं परत केलं. उलट दिशेने, बाहेरचं लायसन्स दाखवून एफएए तुम्हाला सहज देते ते फक्त प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट, कमर्शियल हवं तर त्यांची लेखी परीक्षा आणि चेकराइड (परीक्षकासोबतची प्रत्यक्ष परीक्षा) आहेच.

ब्रिटनचं तर वेगळंच झालं. ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटन ईएएसएच्या बाहेर पडलं, आणि जी मुलं ‘युरोपचं लायसन्स’ समजून ब्रिटिश लायसन्सच्या कोर्सला बसली होती त्यांच्यावर मधेच निर्णय घ्यायची वेळ आली. आता तिथल्या कित्येक शाळा दोन्हीकडची तयारी एकत्र करून घेतात, पण परीक्षा दोन्हीकडच्या द्याव्या लागतात आणि फी पण दोन्हीकडची. माझं म्हणणं एवढंच की फीची तुलना करताना कन्व्हर्जनचा खर्च आणि त्यात जाणारे महिने त्याच कागदावर लिहा, वेगळ्या कागदावर नको.

अमेरिका की युरोप? एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात नाही जमणार, कारण दोन्हीकडची विचार करायची पद्धतच वेगळी आहे.

अमेरिकेत थिअरी हलकी आणि उडणं जास्त. एफएएच्या नियमांतल्या पार्ट ६१ ने गेलात तर कमर्शियलला किमान २५० तास, पार्ट १४१ ची मान्यताप्राप्त शाळा असेल तर १९० तास. लेखी परीक्षा मल्टिपल चॉइस, पण खरी परीक्षा म्हणजे चेकराइड, तिथे परीक्षक आधी समोर बसवून तोंडी घेतो आणि मग विमानात नेतो, आणि त्या तोंडी परीक्षेत पाठांतर करून आलेला माणूस दहा मिनिटांत उघडा पडतो. विमानं भरपूर, विमानतळ भरपूर, लहान विमानांना मोकळीक भरपूर.

युरोपात आधी थिअरी. १३ विषय, प्रत्येकात ७५ टक्के, पहिली परीक्षा दिली की १८ महिन्यांत सगळे पास व्हायचे आणि एका विषयाला जास्तीत जास्त ४ प्रयत्न. नुसता थिअरीचा अभ्यासक्रमच इंटिग्रेटेडला (एकाच शाळेत शून्यापासून शेवटपर्यंतच्या कोर्सला) ७५० तासांचा आहे, आणि तेरावा विषय येईपर्यंत पहिला विसरलेला असतो हा सगळ्यांचा अनुभव. पास झाल्यापासून ३६ महिन्यांत कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसती उपकरणं बघून उडायची परवानगी) हातात नसेल तर पेपर बाद. उडणं त्या मानाने कमी, इंटिग्रेटेडला किमान १९५ तास. कारण असं की तिथली पद्धत तुम्हाला सुरुवातीपासून एअरलाइनच्या उजव्या सीटसाठी घडवते आणि दोनशे तासांच्या मुलाला को-पायलट म्हणून घेणं तिथे नेहमीचं आहे. अमेरिकेत तसं नाही.

मला विचाराल तर अमेरिकेत उडायला मजा जास्त येते, आणि युरोपात शिकलेल्या मुलाला विमानाच्या आत काय चाललंय ते जास्त कळतं. पण कोण भारी यावर वाद घालत बसू नका, नोकरी कुठे करायचीय ते बघा.

अमेरिकेत ते १५०० तासांचं काय प्रकरण आहे?

१२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरची ३४०७ ही फ्लाइट बफलोजवळ पडली. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेना, आणि कॅप्टनने नाक खाली न करता कंट्रोलचा दांडा मागे ओढला. ५० माणसं गेली, त्यात एक जण जमिनीवर घरात होता. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटला पण एटीपी (एअरलाइन पायलटचं सगळ्यात वरचं लायसन्स) लागायला लागलं, म्हणजे साधारण १५०० तास. गंमत बघा, त्या फ्लाइटच्या दोन्ही पायलटांकडे १५०० पेक्षा जास्त तास होतेच, त्यामुळे हा आकडा बरोबर की चूक यावर अजून भांडणं चालतात.

तुमच्यासाठी अर्थ असा की लायसन्स मिळालं २५० ला, मग १५०० पर्यंत कसं जायचं? तिथली मुलं इन्स्ट्रक्टर होतात आणि दुसऱ्यांना शिकवत तास जमवतात. मान्यताप्राप्त एव्हिएशन डिग्री असेल तर १००० तासांत रिस्ट्रिक्टेड एटीपी मिळतं, त्याला वय किमान २१, पूर्ण एटीपीला २३. पण बाहेरून आलेल्याला हे सगळं करायला काम करायची परवानगी पाहिजे, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

मग व्हिसा कोणता, एम-१ की एफ-१?

एम-१ हा व्यावसायिक कोर्सचा व्हिसा, बहुतेक साध्या फ्लाइंग स्कूल हाच देतात. त्यात कोर्स संपल्यावर शिकलेलं काम करायला मिळतं ते दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना या हिशोबाने, फार तर सहा महिने. एफ-१ हा पूर्णवेळ शैक्षणिक व्हिसा, त्यात साधारण वर्षभर ओपीटीवर (शिक्षणाशी जोडलेली कामाची तात्पुरती परवानगी) काम करता येतं, म्हणजे इन्स्ट्रक्टर म्हणून तास वाढवता येतात, पण तो सगळ्या शाळा देऊ शकत नाहीत. ‘आमच्याकडे शिका, मग इथेच इन्स्ट्रक्टर व्हा’ असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, व्हिसा कुठला? वर्षाच्या शेवटी काय होणार हा दुसरा.

आणि हो, ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला ट्रेनिंग सुरू करायच्या आधी टीएसए या तिथल्या सरकारी सुरक्षा संस्थेची वेगळी तपासणी लागते, बोटांचे ठसे वगैरे. व्हिसा मिळाला म्हणजे झालं असं समजून तारखा ठरवू नका.

मेडिकल कधी करू?

आजच. म्हणजे शाळेला एक पैसा द्यायच्या आधी. आधी लगीन क्लास वनचं, मग बाकीचं. मी असे लोक बघितलेत ज्यांनी फी भरली, व्हिसा काढला, निरोप समारंभ झाले, आणि मग रंगांच्या ठिपक्यांच्या पुस्तकात आकडा दिसेना.

आणि मेडिकल ज्या देशाचं लायसन्स शेवटी वापरायचं त्या देशाचं करा, नुसतं शिकायच्या देशाचं नको. ईएएसएचं पहिलं क्लास वन त्यांच्या मान्यताप्राप्त एरोमेडिकल सेंटरमध्येच होतं, त्यात डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, मागचे आजार सगळं निघतं. एका ठिकाणी फिट आणि दुसरीकडे अडकला असं होऊ शकतं.

चष्मा आहे, संपलं का सगळं?

अजिबात नाही. चष्मा किंवा लेन्स लावून दिसलं म्हणजे झालं, असं दोन्हीकडे चालतं, ईएएसएला प्रत्येक डोळ्याला ६/९ आणि एफएएला दूरचं २०/२०, चष्म्यासकट. नंबर फार मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरचा जादा रिपोर्ट मागतात. रंग ओळखण्याची अडचण असेल तर मात्र आधी नीट तपासून घ्या, ठिपक्यांच्या टेस्टमध्ये अडकलात तरी पुढची टेस्ट असते, लगेच रडू नका. जुनी औषधं, दमा, फिट येणं, मानसिक उपचार, काहीही लपवू नका. लपवलेलं पुढे सापडलं तर आजारापेक्षा लपवणं जास्त महागात पडतं.

इंटिग्रेटेड की मॉड्युलर?

इंटिग्रेटेड म्हणजे एकाच शाळेत शून्यापासून शेवटपर्यंत, ठरलेल्या क्रमाने, साधारण दीड-दोन वर्षं. मॉड्युलर म्हणजे आधी प्रायव्हेट, मग तास जमवायचे, मग थिअरी, मग कमर्शियल, मल्टिइंजिन, इन्स्ट्रुमेंट, तुकड्या तुकड्यांनी, जमेल तिथे जमेल तसं. लायसन्स शेवटी तेच मिळतं, त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं की तुम्ही कसे आलात. मॉड्युलर बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि मधे पैसे संपले तर थांबता येतं, पण शिस्त तुमची तुम्हाला लावावी लागते आणि सहा महिने गॅप पडला की हात जातो, मग तेच धडे परत विकत घ्यायचे. आधी काही एअरलाइन इंटिग्रेटेडवाल्यांनाच पसंत करायच्या, आता तेवढं राहिलं नाही, तरी जी एअरलाइन डोळ्यासमोर आहे तिची भरतीची पानं वाचा.

घरून कर्ज काढून चाललेल्या मुलाला मी मॉड्युलरच सांगेन. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं कारण इंटिग्रेटेडवाल्यांचं ब्रोशर जाड असतं.

फ्रोझन एटीपीएल म्हणजे?

असं कुठलंही लायसन्स नसतं. एटीपीएलची (एअरलाइन पायलटच्या सगळ्यात वरच्या लायसन्सची) थिअरी पास, हातात कमर्शियल, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टिइंजिन, आणि १५०० तास व्हायचेत, या अवस्थेला बोलीभाषेत फ्रोझन म्हणतात.

कॅडेट प्रोग्रॅम किंवा एमपीएल घ्यावा का?

मिळत असेल तर नक्की विचार करा, पण करार वाचून. चांगल्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये एअरलाइन स्वतः निवड करते, आणि काही ठिकाणी पैसे पण घालते. ब्रिटिश एअरवेजने स्पीडबर्ड अकॅडमी २०२३ मध्ये काढली त्यात फी कंपनीच भरते, त्यामुळे जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. बाकी बऱ्याच ठिकाणी ‘कॅडेट’ हा शब्द असतो आणि फी पूर्ण तुमचीच असते, वर एअरलाइनचा लोगो. तिथे करारात ‘नोकरी देऊ’ लिहिलंय की ‘मुलाखतीला बोलावू’ लिहिलंय ते बघा, ‘गरजेनुसार’ हा शब्द आला की थांबून दोनदा वाचा.

एमपीएल, म्हणजे मल्टि-क्रू पायलट लायसन्स, हा वेगळा प्रकार. आयकाओने तो २००६ मध्ये आणला, किमान २४० तास पण त्यातला मोठा भाग सिम्युलेटरवर, आणि पहिल्यापासून दोन पायलटांनी मिळून काम करायची सवय. शिक्षण म्हणून मला ते आवडतं. पण हे लायसन्स एका एअरलाइनच्या कोर्सला बांधलेलं असतं, ती एअरलाइन बुडाली किंवा भरती थांबली तर मधेच लटकलेली मुलं एकट्याने सेसना उडवायला पण धड मोकळी नसतात. २०२० मध्ये जगभर भरती बंद झाली तेव्हा हे दिसलं.

इंग्रजी कितपत लागतं?

आयकाओच्या सहा पायऱ्यांमध्ये किमान चौथी. सहावी मिळाली तर परत परीक्षा नाही. पण खरी गोष्ट परीक्षेची नाहीच. २५ जानेवारी १९९० ला एव्हिआंका ५२ न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. क्रूने इंधन कमी आहे असं सांगितलं होतं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही, आणि कंट्रोलरला ते किती गंभीर आहे ते कळलंच नाही. तर फाडफाड बोलता येणं वेगळं आणि रेडिओवर नेमका शब्द नेमक्या वेळी बोलता येणं वेगळं. जायच्या आधी एटीसीचं (कंट्रोलर आणि पायलटांचं) खरं बोलणं ऑनलाइन ऐकायला मिळतं ते रोज अर्धा तास ऐका, पहिल्या आठवड्यात काही कळणार नाही, तिसऱ्यात कळायला लागेल.

हवामानाचा एवढा बाऊ का करतात?

कारण नवशिक्याला ढगात जाता येत नाही, आणि विमान उभं असलं तरी तुमचं भाडं-जेवण चालूच असतं. म्हणून अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा, स्पेनमधलं हेरेस अशा ठिकाणी शाळांची गर्दी. पण फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वादळी ढग हमखास, अ‍ॅरिझोनात उन्हाने हवा विरळ होऊन विमान चढायला कंटाळतं. आणि बारा महिने निळं आकाश बघून शिकलेला मुलगा पहिल्यांदा खरा पाऊस-वारा बघतो ते एअरलाइनमध्येच, तेव्हा थोडं वाईट हवामान वाट्याला आलं तर ते शिक्षणच समजा. कॅनडाच्या हिवाळ्यात शिकलेली मुलं बर्फाच्या बाबतीत किती सावध असतात ते मी बघितलंय.

शाळा चांगली आहे हे ओळखायचं कसं?

वेबसाइटवरून नाही. मी ज्या शाळेत पहिल्यांदा गेलो (नाव घेत नाही) तिच्या यादीत भरपूर विमानं होती, प्रत्यक्षात उडणारी निम्मी पण नव्हती, बाकीची हँगरमध्ये इंजिन उघडून पडलेली आणि पार्ट यायची वाट बघत. इन्स्ट्रक्टर तर इतक्या वेळा बदलले की प्रत्येक नवीन माणूस आधी दोन फ्लाइट ‘तुला काय येतं ते बघू’ म्हणून घालवायचा, माझ्या पैशाने.

तेव्हापासून कानाला खडा. जायच्या आधी आत्ता शिकत असलेल्या चार-पाच मुलांना शोधून बोला, शाळेने दिलेल्या नंबरांवर नाही, स्वतः शोधून. विचारा की गेल्या महिन्यात किती तास उडालास. हा एक प्रश्न शंभर प्रश्नांच्या बरोबरीचा आहे. एका उडणाऱ्या विमानामागे विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर सरासरी किती महिने टिकतो, चेकराइडचा परीक्षक मिळायला किती आठवडे लागतात, देखभाल स्वतःची की बाहेर, सुरुवात केलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत पोचले. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं लिहिलेलं दिसलं की कशाचे शंभर टक्के ते विचारा. विमान नवीन आहे का जुनं यावर जास्त जाऊ नका, सेसना १७२ पहिल्यांदा १९५५ साली उडालं आणि अजून त्यावर लोक शिकतात, नीट ठेवलेलं जुनं विमान चालतं, काचेचे स्क्रीन लावलेलं पण सदा दुरुस्तीत असलेलं नवीन नको.

सगळी फी एकदम भरली तर डिस्काउंट देतायत, भरू का?

नको.

बरं, कारण पण सांगतो. फ्लाइंग स्कूल बुडतात, चांगल्या नावाच्या पण बुडतात, आणि बुडाल्यावर विद्यार्थी देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभे असतात. टप्प्याटप्प्याने भरा, जेवढं उडालात तेवढं, फार तर पुढच्या टप्प्याचं. शाळा याला तयार नसेल तर तिला तुमच्या पैशाची एवढी घाई का आहे ते स्वतःलाच विचारा.

ब्रोशरमधला खर्च खरा असतो का?

तो कायद्याने लागणाऱ्या किमान तासांचा असतो, आणि किमान तासात संपवणारे थोडेच. एफएएच्या प्रायव्हेटला किमान ४० तास लिहिलेत, ४० ला चेकराइडला बसलेला मला तरी क्वचितच भेटला. शिवाय फ्लाइट आधी-नंतरच्या ब्रीफिंगचे पैसे, परीक्षा फी, परीक्षकाचे पैसे, लँडिंग फी, हेडसेट, इन्शुरन्स, घरभाडं, नापास झालात तर परत टेस्ट. दर ‘वेट’ आहे का, म्हणजे इंधनासकट, आणि मीटर कुठला मोजतात, इंजिन चालू केल्यापासून का हवेत गेल्यापासून, हे पण विचारा. वर किमान वीस-पंचवीस टक्के हाताशी ठेवा. ८० टक्के ट्रेनिंग होऊन पैसे संपणं यासारखी वाईट जागा नाही, कारण अर्ध्या लायसन्सला काही किंमत नसते.

टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने आधीच करून ठेवू का? ए३२० केलं तर नोकरी लवकर मिळेल ना?

टाइप रेटिंग म्हणजे ए३२० किंवा ७३७ सारख्या एका ठराविक विमानाची परवानगी, आणि हातात ऑफर नसेल तर ती करू नका. रेटिंगला मुदत असते, वर्षात रिन्यू करायला परत सिम्युलेटरचे पैसे, आणि एअरलाइनला ७३७ वाला पाहिजे असला तर गेलंच सगळं. त्यापेक्षा एमसीसी (मल्टि-क्रू कोऑपरेशन) कोर्स चांगल्या ठिकाणी करा, दोघांनी मिळून कॉकपिट चालवणं तिथे कळतं, आणि भरतीच्या सिम्युलेटर टेस्टमध्ये नेमकं तेच बघतात.

आधी डिग्री की आधी फ्लाइंग?

कमर्शियलला डिग्री लागत नाही, वय १८ लागतं. पण मेडिकल कधीही जाऊ शकतं, भरती कधीही थांबू शकते, तर हातात दुसरं काहीतरी असलेलं बरं, ते डिग्रीच असलं पाहिजे असं नाही. गणित-भौतिकशास्त्राची मात्र सवय ठेवा. फार अवघड काही नसतं, त्रिकोणमिती आणि पटकन तोंडी गुणाकार-भागाकार, पण ते एका हातात विमान असताना करायचं असतं.

लॉगबुकबद्दल काही?

हे कोणी विचारत नाही म्हणून मीच प्रश्न लिहिला. प्रत्येक देश तास वेगळे मोजतो. अमेरिकेत दुसरा पायलट डोळ्यांवर आडोसा लावून इन्स्ट्रुमेंटचा सराव करत असताना तुम्ही सेफ्टी पायलट म्हणून बसलात तर ते तास लिहिता येतात, दुसरीकडे कन्व्हर्जनच्या वेळी तेच तास मोजायला नकार मिळू शकतो. लांबची क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दूरच्या विमानतळांवर जायची फ्लाइट) ३०० नॉटिकल मैलांची अमेरिका-युरोप दोन्हीकडे आहे पण मधे कुठे आणि किती लँडिंग, एखादा टप्पा किती लांब, याच्या अटी वेगळ्या, त्यामुळे ती फ्लाइट आखतानाच दोन्ही देशांचे नियम शेजारी ठेवून आखा, एका फ्लाइटमध्ये दोन्हीकडचं काम होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी ती फ्लाइट दोनदा केली.

पीआयसी (विमानाचे प्रमुख तुम्ही), ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत), रात्रीचे, इन्स्ट्रुमेंट असे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे भरा, इन्स्ट्रक्टरची सही त्याच दिवशी घ्या कारण तो पुढच्या महिन्यात एअरलाइनमध्ये गेलेला असेल आणि फोन उचलणार नाही, दर आठवड्याला फोटो काढून ठेवा, आणि शाळा सोडायच्या आधी सगळ्या तासांचं शिक्का मारलेलं पत्र ऑफिसमधून घेतल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.